एका डब्यातला इपॉक्सी: डबा घट्ट होतो, खड्डा मात्र आतून मऊ

गाळा_रबाळे: हवेतल्या दमटपणावर सेट होणारा इपॉक्सी बनवतोय. साधा लिक्विड रेझिन (इपॉक्सी इक्विव्हॅलेंट 190, म्हणजे 190 ग्रॅममागे एक मोल इपॉक्सी गट), फिलर टाल्क (शंखजिऱ्याची पूड). हार्डनर म्हणजे एथिलीनडायअमाइन आणि एमआयबीके (मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन) यांचा केटिमाइन, जो पाणी लागलं की फुटून पुन्हा अमाइन आणि कीटोन देतो. जुलैत भरलेले डबे पंधरवड्यात दह्यासारखे होतात. त्याच मालाने फ्लोअरचा 10 मिमीचा खड्डा भरला, तर वरून कडक आणि आत स्क्रू ड्रायव्हर घुसतो. हार्डनर वाढवू का?

अमाइनवाला: अजिबात नको, खड्डा आणखी मऊ राहील. आधी हिशेब बघा. या केटिमाइनचं मोलवजन 224, पाणी लागल्यावर इपॉक्सीशी जुळणारे चार हायड्रोजन मोकळे होतात, म्हणजे इक्विव्हॅलेंट (एका हायड्रोजनमागचं वजन) 56. तर 100 ग्रॅम रेझिनला साधारण 29.5 ग्रॅम पुरे. तेवढं फोडायला 4.7 ग्रॅम पाणी लागतं आणि त्यातून 26 ग्रॅम एमआयबीके सुटतं. पाणी वरून आत शिरायचं, एमआयबीके आतून बाहेर पडायचं आणि दोघांची वाट एकच. वरचा थर आधी कडक झाला की वाट बंद. आत अडकलेलं एमआयबीके माल मऊ ठेवतं, शिवाय केटिमाइन फुटणं उलटंही फिरतं, त्यामुळे कीटोन साचला की क्रिया पुढे सरकत नाही. हा माल पातळ कोटाचा आहे. सुका थर 75 मायक्रॉनच्या आसपास ठेवा, दोन-तीन कोट द्या. 10 मिमीला दोन डब्यांचा इपॉक्सी मॉर्टारच वापरा.

गाळा_रबाळे: खड्ड्याचं पटलं. डब्याचं काय?

सिव्ह_३ए: टाल्कवर माझा पहिला संशय. पोतं उघडं राहिलं की पावसाळ्यात ते ओल धरणारच. एकूण मालात 0.5 टक्के पाणी राहिलं, तरी 100 ग्रॅममागे 3 ग्रॅम केटिमाइन डब्यातच फुटतो. टाल्क 110 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि झाकून थंड करा. मग रेझिन, टाल्क, सॉल्व्हंट आणि 3ए मॉलिक्युलर सिव्ह (पाणी शोषून धरणारी पावडर) एकत्र करून झाकण लावून रात्रभर ठेवा. सिव्ह स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकंच पाणी धरतो, म्हणून 0.5 टक्क्याला किमान 2.5 टक्के सिव्ह हवा, थोडा जास्तच घ्या. केटिमाइन सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर सिव्हचा उपयोग नाही. सॉल्व्हंट युरेथेन ग्रेडचं, म्हणजे पाणी अगदी कमी असलेलं घ्या. डब्यातली मोकळी जागा कोरड्या नायट्रोजनने भरा, आणि 20 लिटरपेक्षा 1 लिटरचे डबे बरे, कारण अर्धा वापरून ठेवलेला डबा टिकत नाही.

एक मात्र लक्षात घ्या. पूर्ण कोरडा केला तरी एमआयबीकेचा केटिमाइन थोडा एनामाइनकडे (त्याच रेणूच्या दुसऱ्या रूपाकडे) वळतो आणि त्याचा एनएच (नायट्रोजनवरचा हायड्रोजन) रेझिनशी हळूहळू भिडतो. वर्षभराची हमी छापू नका.

अमाइनवाला: साइटवर आणखी एक गैरसमज दिसतो, दमटपणावर सेट होतो म्हणजे ओल्यावर चालतो. नाही. हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू जवळपास 27. ज्यावर लावायचं तो पत्रा त्याहून किमान 3 अंश गरम हवा, म्हणजे 30 च्या खाली ब्रश लावू नका. पाण्याच्या पापुद्र्यात अमाइन विरघळतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा चिकट थर धरतो, आणि त्यावर दुसरा कोट सोलून निघतो.

टाकीच्या आत लावत असाल तर एक्झॉस्ट पंखा हवाच, कारण एमआयबीकेचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) 14 अंशांच्या आसपास आहे. वेल्डिंग, ग्राइंडिंग बंद. पंखा फ्लेमप्रूफ (स्फोटरोधक) मोटारचा.