आमच्या आरोग्य उपकेंद्राचा प्रश्न विधानसभेत यावा म्हणून काय करावं?

माळावरची

नमस्कार मंडळी. आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत दोन वर्षांपासून बांधून तयार आहे. फरशी, नळ, बाळंतपणाची खोली, सगळं आहे. पण दाराला कुलूप, कारण पदं मंजूर नाहीत. शेजारच्या गावची आरोग्य सेविका येते ती लसीकरणापुरती, तेही अंगणवाडीच्या ओट्यावर. बाकी कशालाही बारा किलोमीटरवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. पावसात ओढ्याला पाणी आलं की तेही बंद.

आम्ही बचत गटाच्या बायकांनी तालुक्याला निवेदन दिलं, जिल्हा परिषदेत दिलं. पोच मिळाली, पुढे काही नाही. आमदारसाहेबांना एका लग्नात गाठून चिठ्ठी दिली. "बघतो" म्हणाले आणि खिशात ठेवली. आता गटात असं ठरतंय की हे अधिवेशनात विचारलं गेलं पाहिजे. पण प्रश्न तिथपर्यंत जातो कसा? आमदारांना भेटायचं की खासदारांना? आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत, ते आपल्याच सरकारला विचारतील का? मत द्यायचं आणि पाच वर्षं गप्प बसायचं, हे आम्हाला मान्य नाही. आतली पद्धत कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा.

टपालवही

ताई, मी बरीच वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. खासदारांकडे जाऊ नका. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणजे उत्तर द्यायला बांधील असलेले मंत्री विधानमंडळात बसतात. आणि सत्ताधारी आमदार सर्रास प्रश्न विचारतात, ती काळजी सोडा.

लग्नात दिलेल्या चिठ्ठीचं काय होतं ते सांगतो. संध्याकाळी साहेबांच्या खिशातून कागदांचा गठ्ठा निघायचा. कुणाची बदली, कुणाचं भावकीचं भांडण, कुणाला दवाखान्यात खाट हवी. त्यातल्या ज्या कागदावर तारखा आणि पत्रांचे क्रमांक असायचे, त्याचाच प्रश्न व्हायचा. प्रश्नाचा मसुदा बहुतेक वेळा आमच्यासारखेच करतात, आणि तो ठरलेल्या साच्यातच बसवावा लागतो. तुमचा मी असा लिहिला असता:

"(१) अमुक तालुक्यातील अमुक येथील आरोग्य उपकेंद्राची इमारत पूर्ण होऊनही पदनिर्मितीअभावी ती बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, पदनिर्मितीचा प्रस्ताव शासनास केव्हा प्राप्त झाला व तो कोणत्या स्तरावर प्रलंबित आहे, (३) असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

सगळा जीव दुसऱ्या भागात आहे. पहिला भाग मात्र बिनचूक हवा. तिथे गावाचं नाव किंवा तारीख चुकली की खातं "हे खरे नाही" असं लिहून मोकळं होतं आणि पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही" एवढंच उत्तर येतं. लोकांची मेहनत अशी वाया गेलेली पाहून फार त्रास व्हायचा.

म्हणून आधी माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. इमारत ताब्यात घेतल्याचं पत्र, पदनिर्मितीचा प्रस्ताव आणि त्याचा जावक क्रमांक मागा. प्रस्ताव गेलेलाच नाही असं कळलं, तर प्रश्न मंत्रालयाकडे वळण्याआधी जिल्ह्यातच अडलाय हे समजेल, आणि तेही मोठंच काम झालं. मग एका पानाचं पत्र, सोबत या प्रती, आमदारांच्या कार्यालयात टपाल बघणाऱ्याकडे द्या आणि आवक नोंद करून घ्या.

वेळ सांभाळा. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्याची बातमी वाचून लोक कागद घेऊन यायचे, तेव्हा हाताशी फक्त लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) उरायची, आणि तिथे भली मोठी रांग.

घाटमाथा

वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात जे कमी असेल ते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची कायद्यातच तरतूद आहे. तिथेच विषय मांडा, म्हणजे मुख्य सभेत तो कुणी बाजूला सारणार नाही. इतिवृत्तात ठराव नीट लिहिला गेलाय हे उठायच्या आधी वाचून घ्या. आमच्याकडे पुरुष मंडळी बोलतात आणि बायका सह्या करून घरी जातात. मला ते बघवत नाही.

मी माजी सैनिक आहे. आमच्या 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' या मागणीसाठी राज्यसभेच्या याचिका समितीकडे अर्ज गेला होता. भगतसिंह कोश्यारी त्या समितीचे अध्यक्ष होते. २०११च्या डिसेंबरात समितीने आमच्या बाजूने अहवाल दिला. सरकारी आदेश निघायला २०१५ साल उजाडलं, मधल्या काळात आंदोलनंही झाली. पण संसदेच्या समितीचा अहवाल हातात होता, त्यामुळे "मागणी अवास्तव आहे" असं म्हणणं कुणालाही जड गेलं. आपल्या विधानमंडळातही विनंती अर्ज समिती आहे. आमदारांकडून काहीच हललं नाही तर तो रस्ता लक्षात ठेवा.

माळावरची

दोघांचेही मनापासून आभार. माहितीचा अर्ज या आठवड्यातच करतो. एक शंका. प्रश्न लागला आणि मंत्री "तपासून कार्यवाही करू" एवढंच म्हणाले, तर?

टपालवही

म्हणून पत्राच्या खाली एक उपप्रश्न लिहून द्या: "पदं कोणत्या तारखेपर्यंत मंजूर करणार?" तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, प्रश्नोत्तराच्या तासात पुकारला गेला तर आमदारांना उभं राहून हे विचारता येतं. पुष्कळ प्रश्न वेळेअभावी राहतात, त्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं. पण मंत्र्यांनी सभागृहात मुदत सांगितली की ते आश्वासन ठरतं, आणि ते पाळलं गेलं का हे बघायला विधानमंडळाची आश्वासन समिती असते. त्या दिवसाच्या कार्यवाहीची प्रत मिळवा आणि मुदत उलटली की तीच जोडून पुन्हा पत्र द्या.

आणखी एक. विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत, त्यांनाही हाच प्रश्न विचारता येतो. तुमच्या भागातल्या शिक्षक किंवा पदवीधर मतदारसंघाच्या आमदारांनाही एक प्रत द्या. गावातल्या शाळेचे गुरुजी त्यांचे मतदार असू शकतात, त्यांना सोबत न्या.

माहितीच्या अर्जाला उत्तर आलं की गावाचं नाव झाकून इथे टाका. प्रश्नाचा मसुदा मी करून देतो.