छोटी हॅचबॅक : तुमची कुठे तारते, कुठे दमते?

घरात पहिली गाडी घ्यायचं ठरलंय. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, म्हणून आता आमच्या आवाक्यात आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं चालवलीय त्यांनी खरं काय ते लिहा.

पुणे, सदाशिव पेठ. ९ वर्षं, ८२ हजार किमी
आमच्या बोळात आरसे मिटूनच गाडी आत येते, पण येते! शेजाऱ्यांची मोठी गाडी दोन गल्ल्या सोडून उभी असते. क्लच प्लेट ६० हजार किमीला बदलली. दिवसभर पहिला-दुसरा गिअर, त्यात गाडीचा काय दोष?

सातारा
एकटा असलो की खंबाटकी आरामात चढते. गणपतीहून परतताना मात्र कुंभार्ली घाटात रडवलं. आम्ही पाच जण, डिकीत नारळाचं पोतं, एसी चालू. तिसऱ्यात गुरगुरायला लागली, दुसरा टाकला तरी ओढेना. एसी बंद केला तेव्हा कुठे जिवात जीव आला. इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि एसीचा कॉम्प्रेसरही त्याच्यावरच. ट्रायल घ्याल तर माणसं भरून, एसी लावून, चढावर घ्या.

डोंबिवली, सीएनजी
सीट उंच आहे, त्यामुळे गुडघे दुखत असूनही आई एकटी बसते-उतरते. एवढ्यासाठी ही गाडी मला फार प्रिय आहे. पण सीएनजीची टाकी डिकी खाते हे घेताना मनावरच घेतलं नाही. आता आईची व्हीलचेअर मागच्या सीटवर ठेवावी लागते आणि दवाखान्यात जाताना बाबा मागून रिक्षाने येतात. गॅसचा खर्च परवडतो, तरी डिकी उघडली की चुटपुट लागते.

नागपूर
समृद्धीवर १२० ची मुभा असली तरी मी ९० च्या वर जात नाही. शेजारून ट्रक गेला की स्टिअरिंग हातात हलतं. एअरबॅग विचारालच, मागच्या मधल्या सीटला तीन-पॉइंट पट्टा (खांदा आणि कंबर दोन्हीवरून येणारा) आहे का तेही बघा. आमच्यात नाही, आणि तिथे मुलगी बसते.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी)
सातारकर, पाच जण बसवून ट्रायल देतात का हो?

सातारा
पहिल्यांदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा सगळे सोबतच गेलो, मग दिली.