भरून घेतलेली कॅसेट ‘पहिला अल्बम’ म्हणून धरायची का?

खजुरीकर
परवा रात्री इंदूरच्या सराफ्यात उभे होतो, हातात भुट्ट्याचा कीस, आणि विषय निघाला की आयुष्यातला पहिला स्वतःचा अल्बम कोणता. मी म्हटलं गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा-दरबारी, त्या दोन रागांचा. एकाने लगेच विचारलं, विकत घेतला होतास? म्हटलं नाही रे, कॅसेट भरून घेतली होती. तर म्हणे मग मोजायची नाही. डोक्यात गेलं ते माझ्या.

गोष्ट १९८७ ची, मी अकरावीत. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, शेजारच्या काकांची, १९६० ची, एका बाजूला मारवा अन् दुसऱ्या बाजूला दरबारी. ओरखडा पडला तर या घराची पायरी चढायची नाही, असं सांगून त्यांनी दिली. मी ती दोन वह्यांच्या पुठ्ठ्यांत बांधून सायकलवर, एका हाताने छातीशी धरून, जेल रोडच्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडे नेली, कोरी साठची टीडीके आपल्या पैशाने घेतली, आणि चार दिवस चकरा मारल्या. आता एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांची आणि कॅसेटची तीस, म्हणजे दोन्हीकडे टेप उरते. भल्या माणसाने ती न विचारता भरून टाकली! मारव्यानंतर दोन फिल्मी गाणी, दरबारीनंतर एक भजन आणि अर्धी कव्वाली, मधेच कट. आजही कुठे तो मारवा संपला की माझ्या कानात पुढचं गाणं आपोआप सुरू होतं. हा माझा अल्बम नाही तर कोणाचा?

रामबागवाली
दादा, काकांचा. अल्बम काकांचा, तुमच्याकडे होती त्याची नक्कल. अल्बम म्हणजे नुसतं गाणं नाही ना, त्याचं कव्हर, मागचा मजकूर, तबल्यावर कोण, सारंगी आहे की नाही, ते सगळं. तुमच्या कॅसेटीवर काय लिहिलं होतं?

खजुरीकर
बॉलपेनने ‘आमिर खान मारवाड़ी’.

रामबागवाली
झालं तर मग 😂 माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

पोहे_जीरावन
भिया, कव्हर वगैरे ठीक आहे पण खरी गोष्ट पैशाची. दुकानदाराने पैसे घेतले, टीडीकेने घेतले, गाणाऱ्याच्या घरी काय गेलं? खाँसाहेब तर १९७४ लाच गेले, कलकत्त्याला गाडीच्या अपघातात. ज्या शहरात ते वाढले त्याच शहरात त्यांचं गाणं चोरून भरलं जायचं अन् आपण वर त्याच्या आठवणी काढून राहिलो. कॉपीराइट कायदा १९५७ पासून आहे, दुकान मांडून कॅसेटी भरून द्यायची सूट त्यात कधीच नव्हती.

बी_साईड
कायदा काढलाच आहे तर पूर्ण काढा. रेकॉर्डिंगवरचा हक्क आपल्याकडे साठ वर्षं. १९६० ची रेकॉर्ड, म्हणजे २०२० संपलं तेव्हा संपला. आता करा म्हणावं कितीही कॉप्या.

पोहे_जीरावन
याने भरली ८७ ला. तेव्हा तेहेतीस वर्षं बाकी होती, हिशोब कर.

बी_साईड
आणि ८७ ला इंदूरात अकरावीच्या पोराला ती एलपी घेऊन कोण देणार होतं? घेतली असती तरी वाजवायला रेकॉर्ड प्लेअर कुठे? टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) असायचा तो पण वडिलांचा, बातम्या संपल्यावर मिळायचा. त्या दुकानवाल्यांमुळे आमच्या पिढीच्या कानावर काहीतरी पडलं, नाहीतर रेडिओवर, आकाशवाणीच्या मालवा हाऊसवरून लागेल तेच आणि लागेल तेव्हाच ऐकायचं. मी भरून घेतलेलीच धरतो. पण खजुरीकर, मारव्यात पंचम नाही आणि त्या फिल्मी गाण्यात पहिला सूरच पंचम आला असेल तर तुझे कान त्याच दिवशी बिघडले, हे मात्र मान्य कर.

तोफखाना_जुना
विकत घेतलेली तरी कुठे आपली राहायची? माझी पहिली, स्वतःच्या पैशाची, नाट्यगीतांची. दिवाळीच्या ओवाळणीतून घेतली होती. मागच्या कडेच्या त्या दोन प्लास्टिकच्या चकत्या कंपनीच तोडून पाठवायची, म्हणजे वर काही भरता येऊ नये. आमच्या भाऊरायांनी त्या भोकांवर सेलोटेप चिकटवला आणि रेडिओवरून अख्खी मॅच भरली. ती पण कोणती, तर १९८७ ची वानखेडेवरची सेमीफायनल, गूचने स्वीप मारमारून ११५ केले आणि आपण हरलो ती! म्हणजे कव्हर ओरिजिनल, पावती ओरिजिनल, आणि आत गूच. एका ठिकाणी कॉमेंट्री तुटते आणि अर्धं मिनिट नांदी ऐकू येते, परत गूच. रामबागवाली ताई, तुमच्या व्याख्येत हा अल्बम बसतो का?

रामबागवाली
हो बसतो. मालक तुम्ही, नासवला भावाने. पण तुमचाच.

तोफखाना_जुना
वा. माझ्याकडे गाणं नाही तरी अल्बम आहे, आणि याने मारवा झिजेपर्यंत ऐकला तरी याच्याकडे नाही. जबरन काहीही.

रामबागवाली
झिजेपर्यंत ऐकला म्हणून मालकी येत नाही हो काकू. मी लायब्ररीतली पुस्तकं पण फाटेपर्यंत वाचलीत. एक मात्र कबूल करते, माझी पहिली लताबाईंची, आईने घेऊन दिलेली, कारण लताबाई इथल्या, सिख मोहल्ल्यात जन्मलेल्या, आमच्या घरात दुसरं काही पहिलं येणं शक्यच नव्हतं. म्हणजे पैसे माझे नाहीत, निवड पण माझी नाही. कव्हर तेवढं माझ्याकडे अजून आहे, कॅसेट कुठे गेली देवाला ठाऊक.

पोहे_जीरावन
मग ताई तुमच्याकडे पण अल्बम नाही, पुठ्ठा आहे.

खजुरीकर
भांडू नका. काल माळ्यावरून काढली ती कॅसेट. स्पंजचा बारका तुकडा गळून पडलाय, बाकी टेप शाबूत दिसते, पेन्सिलीने दोन्हीकडे फिरवून बघितली. आता माझ्या डेकचा बेल्ट वितळून डांबर झालाय. राजवाड्याच्या आसपास कोणाकडे चालू डेक आहे का? रविवारी येतो, पोहे माझ्याकडून. ताई, तुम्ही पण या, लेबल बघायला तरी.