रॉयबॉस चहाचा दीड टक्का: हक्काचा पैसा की नुसता दिखावा?

चहाटळ_नाशिककर: रॉयबॉस म्हणजे तो लालसर, बिनकॅफिनचा चहा, हल्ली डाएटवाल्यांकडे असतोच. पिकतो फक्त दक्षिण आफ्रिकेत, सीडरबर्गच्या आसपास. तिथल्या सॅन आणि खोई लोकांना ही झुडपं पिढ्यान्‌पिढ्या माहीत, पण धंदा केला दुसऱ्यांनीच. शेवटी नोव्हेंबर २०१९ ला करार झाला, शेतावरच्या भावाच्या दीड टक्का रक्कम प्रोसेसिंगवाल्यांनी दरवर्षी या दोन समाजांना द्यायची. कंपन्यांनी शाळेला रंग फासून फोटो काढण्यापेक्षा हे बरं, सीएसआर (म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा खर्च) बंद करा आणि सरळ हिस्सा द्या!

म्हसोबाची_वाडी: दीड टक्का, तोही शेतावरच्या भावाचा? युरोपात डबा कितीला विकतात बघा जरा. २०२२ ला पहिले १ कोटी २२ लाख रँड (तिकडचं चलन) आले ते दोन समाजांच्या ट्रस्टकडे निम्मे निम्मे गेले. वुपरटालच्या डोंगरात रॉयबॉस पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याच्या हातात काय पडलं? शाळा निदान दिसते तरी.

रानवेडी: अहो पण शाळा मागितली कोणी होती? हुडियाचं आठवा. सॅन लोक शिकारीला जाताना भूक मारायला ते काटेरी झाड चघळायचे, तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं १९९६ ला त्यावर पेटंट घेऊन टाकलं, परवाने विकले आणि सॅनना विचारलंसुद्धा नाही. बोंबाबोंब झाल्यावर २००३ ला सॅनना रॉयल्टीत वाटा द्यायचा करार केला. पुढे त्याचं औषध बाजारात आलंच नाही मग रॉयल्टी कशातून मिळणार

खडूस_काका: हक्क हक्क काय लावलंय, लॉनमिन खाण कंपनीचं बघा की. दक्षिण आफ्रिकेतच मरिकानाच्या प्लॅटिनम खाणीत कामगारांसाठी ५,५०० घरं बांधायची हे कायद्यानं बंधनकारक होतं, म्हणजे दानधर्म नव्हेच, आणि बांधली किती? तीन! तीही नमुन्याची. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथेच पगारवाढीच्या संपातल्या ३४ जणांना पोलिसांनी एका दिवसात गोळ्या घातल्या, मग चौकशी आयोगानं घरांवरून कंपनीला झापलं. कागदावरचा हक्क आणि सीएसआर, भाऊ एकाच माळेचे मणी.

चहाटळ_नाशिककर: काका तिथे बांधायचं की नाही ते मॅनेजरच्या मर्जीवर, बजेट नाही म्हटलं की विषय संपला. इथे माल घेतला की टक्का लागू, भाव पडला तर कमी येईल पण येईल. ट्रस्टचा हिशोब लोकांसमोर मांडायला हवा, ते कबूल.

म्हसोबाची_वाडी: नुसतं कबूल म्हणून कसं चालेल, मुद्दाच तो आहे. आपल्याकडे २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सक्तीचे केले, पण खर्च कशावर करायचा ते ठरवतं कंपनीचं बोर्डच. तिकडे बोर्डाच्या जागी ट्रस्ट आला एवढंच. त्या ट्रस्टवर रॉयबॉस पिकवणारे किती जण बसतात ते सांगा आधी.