कोकणात थाय मसाज शिकवायचा तर कुणाला? आणि सर्टिफिकेट कसलं?

किनारपट्टी

मंडळी, मत मांडते आहे. भांडायला हरकत नाही.

वेंगुर्ल्याजवळ घरच्या खळ्यावर पत्रे टाकून मी थाय मसाज शिकवते. धंदा छोटा: मी, एक मदतनीस मुलगी आणि चार गाद्या. फोन येतात त्यातले बहुतेक जण काय शिकवता ते विचारतच नाहीत, सर्टिफिकेट किती दिवसांत मिळेल एवढंच विचारतात. दोष त्यांचा नाही. खाली गोव्यात हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर हिवाळाभर हेच विकलं जातं. पाच दिवसांत बेसिक, दहात अ‍ॅडव्हान्स, खिशात पैसे असतील तर त्याच मोसमात टीचर. शिकवणाऱ्यांतले काही परदेशी टुरिस्ट व्हिसावर आलेले असतात, आणि त्या व्हिसावर पैसे घेऊन शिकवता येत नाही, पण विचारतो कोण? आता हे लोण तेरेखोलची खाडी ओलांडून आपल्याकडे यायला लागलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: थाय मसाजला तेल नाही, टेबल नाही. जमिनीवर गादी, घेणाऱ्याच्या अंगात सैल कपडे, आणि देणाऱ्याचे अंगठे, तळवे, कोपर, गुडघे, पावलं. खुद्द थायलंडात साध्या आरोग्य-मसाजच्या सरकारमान्य कोर्सला १५० तास लागतात. पाच दिवसांत, जेवणाची सुट्टी वजा जाता, होतात तीसेक. त्यावर 'थेरपिस्ट' असं छापून द्यायचं?

माझं म्हणणं असं की शिकवायचंच तर इथल्या बायकांना शिकवा, हळूहळू, वर्ष लागलं तरी चालेल. पावसाळ्यात होमस्टे रिकामे असतात, तेव्हा सुरुवात करा. बाहेरून येणाऱ्यांना दोन दिवस 'घरच्यांसाठी पाय आणि पाठ' एवढं दाखवा, त्याला कागद नको.

इथल्या बायकाच का? योगा करून आलेली शहरातली मुलं दहा मिनिटं गुडघ्यांवर बसली की चुळबुळ सुरू होते. तोल गेला की जोर अंगठ्यातून काढतात, आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं मूळ सुजून येतं. खरं तर इथे दंडाची ताकद लावायचीच नसते. हात सरळ, आणि अंगाचा भार पुढे कलता करायचा. माझ्याकडे एक काकी आल्या, सगळा जन्म आडाळ्यावर मासे कापण्यात गेलेला. त्यांना हे सांगावंच लागलं नाही. एक गुडघा टेकला, दुसरा पाय उभा केला, आणि तळवा असा टेकवला की खाली झोपलेली मुलगी म्हणाली, "काकी, थांबू नका हां."

हिशेबनीस

ताई, वाचून बरं वाटलं. आता आकडे बघू. मी गुहागरला होमस्टे चालवतो, माडीवर योगवर्ग भरतात, म्हणून ऐकीव सांगत नाही.

एक झोपतो, एक करतो. चार गाद्या म्हणजे आठ जण, त्याहून जास्त एका शिक्षकाला बघता येत नाहीत. पाच दिवसांचे माणशी १२ हजार धरले तरी ९६ हजार. त्यातून जागा, दोन वेळचं जेवण (मासे नसले तर तोंडं वाकडी, असले तर भाव विचारू नका), मदतनीस, खोळी धुणं, जाहिरात. हातात निम्मे उरले तर नशीब. डिसेंबर-जानेवारीत तर स्वतःच्याच खोल्या वर्गासाठी अडवणं परवडत नाही, त्या पर्यटकाला दिल्या की आठवड्यात वसूल. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून जीएसटी लागत नाही, एवढंच काय ते सुख.

यातून सर्टिफिकेट काढा, निम्मे गळतील. आणि तुमच्या काकी १२ हजार देणार का? मग त्यांचे कोण देणार? तारकर्लीला स्कूबाचं सर्टिफिकेट चार-पाच दिवसांत मिळतं, त्याला कोणी नाक मुरडत नाही. मसाजनेच काय पाप केलंय?

सांधेदुखी

मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही दोघं कागद आणि पैशावर बोलताय, मला पुढचं निस्तरावं लागतं.

थाय मसाजमध्ये जांघेतली धमनी तळव्याने दाबून पायाचा रक्तप्रवाह अर्धा-पाऊण मिनिट अडवायचा आणि मग सोडायचा, असा एक प्रकार आहे. पायात गरम लाट उतरते, लोकांना चमत्कार वाटतो. घेणाऱ्याला हृदयाचा त्रास असेल, रक्तदाब असेल, पायांच्या शिरा फुगलेल्या असतील तर? मुंबईहून रात्रभर गाडीत बसून माणूस येतो. एकच पिंढरी सुजलेली, गरम, हात लावला तरी दुखते. म्हणतो, "प्रवासाने दमलीय, जरा चोळून द्या." त्या पायाच्या शिरेत गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. तिथे हात न लावता दवाखान्यात पाठवायचं असतं. हाडं ठिसूळ झालेल्या सत्तरीच्या बाईच्या पाठीवर गुडघा टेकवणारेही आहेतच.

थाय मसाजवाल्यांच्या मते अंगात 'सेन' नावाच्या ऊर्जेच्या दहा रेषा नाभीपासून निघतात म्हणे. शवविच्छेदनात त्या अजून कुणाला सापडलेल्या नाहीत. मी साडेचार वर्षं घासली, २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आमच्या व्यवसायाला आयोग दिला, आणि शेजारी खळ्यावर पाच दिवसांत थेरपिस्ट तयार. पाच दिवसांचे दीडशे तास केलेत तरी माझा आक्षेप तोच. आरामासाठी करा, उपचार म्हणून शिकवू नका.

किनारपट्टी

डॉक्टर, जांघेचा दाब मी शिकवत नाही. मानेला पीळही नाही. रेषांवरून वाद घालणार नाही, हात कुठून कुठे न्यायचा ते पाठ करायला त्या सोप्या पडतात, मला तेवढ्या पुरेत. पण एकच पिंढरी सुजलीय हे ओळखायला साडेचार वर्षं लागत नाहीत. कुणाला हात लावायचा नाही, हा धडा पहिल्या दिवशी, हात लावायच्या आधी होतो.

त्याहून अवघड काय ते सांगू? दुखलं की 'दुखतंय' म्हणायला लावणं. आपल्या बायका दात आवळून पडून राहतात आणि विचारलं की म्हणतात, "बरां वाटता." करणारीला वाटतं छान जमलं. म्हणून मी झोपलेलीला एकच काम देते: जोर एक ते दहात किती, ते सारखं बोलत राहायचं. सात म्हणाली की हात हलका.

हिशेबनीस, स्कूबाचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. त्या पहिल्या सर्टिफिकेटवर १८ मीटरची मर्यादा असते. मसाजच्या कागदावर कसली मर्यादा असते? सोनेरी अक्षरात 'सर्टिफाइड' आणि खाली शिक्का.

आडाळो

बाय, तू बोलतस ता बरा वाटता, पण पावसात शिकवची गोष्ट तुका कोणी सुचवल्यान? मिरगाक आमची पेरणी, मगे लावणी. दिसभर चिखलात वाकान आयलेली बाईल तुझ्या गादयेर पडली तर तीच अंग चेपून मागतली, दुसऱ्याचा चेपूचा रवला बाजूक. लावणी सरली की श्रावणातले वार, मगे चवथ. साफसफाय, रंग, माटवी, चाकरमानी घरात. चवथ गेली की जरा मोकळीक, तवसर भात कापणीक येता. होमस्टे रिकामे आसतत म्हणून बायको रिकाम्यो नसतत. आणि त्या दमट हवेत तुझ्या गादयांका बुरशी येतली ती वेगळीच.

दुसरा असा की माझी आवस गावातल्या बाळंतिणींका न्हाव घाली, तेल लावी, पोराक पायांर घेवन चोळी. मिळा काय? एक लुगडा आणि नारळ. तिका कोणी सर्टिफिकेट देवक नाय. तू भायर शिकान इलंस तर लोक हजार रुपये काढून देतत. माझो राग तुझ्यार नाय गो. पण आमच्या चोळण्याक किंमत कधी येतली ता सांग.

चाकरमानी

आडाळो यांना अनुमोदन. मुळात थाय कसलं, हे आपलंच. बुद्धाचा वैद्य जीवक, त्याची विद्या. थायलंडात आजही मसाजआधी त्याचीच प्रार्थना म्हणतात. आपलाच माल परत विकत घ्यायचा आणि वर त्यांचं नाव लावायचं?

पानवेल

चाकरमानी, अर्धंच सांगितलंत. जीवक राजगृहाचा, तक्षशिलेत शिकला, विनयपिटक या बौद्ध ग्रंथात त्याच्या गोष्टी आहेत. पण त्या औषधांच्या आणि शस्त्रक्रियेच्या. थाय लोक त्याला आद्यगुरू मानतात, हा त्यांचा मोठेपणा. बँकॉकच्या वाट फो मठात एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या राम राजाने दाबबिंदूंच्या आकृत्या दगडात कोरून घेतल्या, १९५५ मध्ये तिथे शाळा निघाली, २०१९ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केली. ज्यांनी सांभाळलं त्यांचं नाव राहू दे. आपलं म्हणून मिरवायचंच असेल तर वर आडाळोंच्या आईबद्दल लिहिलंय तिथून सुरुवात करा. तिच्या हाताखाली शिकायला तुमच्यापैकी कुणी गेलं होतं का?

सोलकढी

खरा प्रश्न सगळे टाळताय, म्हणून मीच विचारते. शिकून झालं, पुढे गिऱ्हाईक कोण?

माझा मालवणात होमस्टे आहे. येतात ती कुटुंबं. शनिवारी किल्ला, दुपारी सुरमईची थाळी, रविवारी सकाळी स्कूबा, जेवून गाडीत. दीड तास गादीवर पडायला सवड कुणाला? मसाजची चौकशी करतात ते एकटेदुकटे पुरुष, आणि ते कुठल्या सुरात विचारतात ते बाईला बरोबर कळतं. ओळखीच्या एकीने नुसता बोर्ड लावला तर रात्री अकराला फोन. चार दिवसांत बोर्ड उतरवला. गावात काय बोललं जातं ते वेगळंच. किनारपट्टीताई, तुम्ही बाहेरून शिकून आलात, इंग्रजी बोलता, तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. त्या काकींच्या सुनेने हेच करायचं ठरवलं तर तिच्या घरी काय होईल?

हिशेबनीस

सोलकढी, मी तेच तर म्हणतोय! इथे गिऱ्हाईक नाही. बाहेरच्यांना शिकवा, कागद द्या, त्यांच्या गावी पाठवा. ते पुण्यात काय करायचं ते करतील.

सांधेदुखी

म्हणजे गुठळी पुण्यात सुटली तर चालेल. वा.

किनारपट्टी

सोलकढी, सुनेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, ते मी दोन वाक्यांत उडवून लावणार नाही. माझ्याकडेही एकीला नवरा रोज सोडायला यायचा आणि खळ्याच्या कडेला मोटारसायकलवर बसून राहायचा. मी त्याला आत बोलावून त्याच्याच पाठीवर तिला करायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून तो फक्त न्यायला यायला लागला. पण सगळेच नवरे असे निघत नाहीत. एकीचं शिकणं अर्ध्यावर सुटलं ते सुटलंच.

गिऱ्हाईक मात्र आहे, तुमच्या डोळ्यांसमोर आहे. रविवारी सकाळी नवरा आणि मुलं स्कूबाला गेली की किनाऱ्यावर चपला, मोबाइल आणि ओले टॉवेल सांभाळत कोण बसतं? त्या बायकांना ओसरीवर, उघड्यावर, बाईच्या हातून पाऊण तास पाय चेपून मिळाले तर त्या नको म्हणणार नाहीत. बोर्ड लावायचा नाही, तुम्ही नाश्त्याच्या वेळी तोंडी विचारायचं. फक्त बायकांना, फक्त सकाळी. याने बंगला बांधून होणार नाही, पण काकींच्या हाती मोसमात काही पैसे येतील.

फीचं म्हणाल तर पुण्या-मुंबईच्या दोन दिवसांच्या वर्गातून चारपैकी एक गादी गावासाठी सुटते. आठाऐवजी सहाच पाहुणे घ्यायचे. तेवढी कमाई कमी, ते हिशेबनीसांना पटणार नाही, न पटू दे.

आडाळो, पावसाचं तुमचं बरोबर. लावणीचे दिवस सोडून आठवड्याला एक दुपार, असं करून बघते.

सांधेदुखी

कागद द्यायचाच असेल तर त्यावर काय करता येतं त्याच्या दुप्पट जागेत काय करायचं नाही ते छापा. मसुदा इथे टाका, मी लाल पेन घेऊन बसतो. एक आत्ताच सांगतो: 'काही आजार आहे का' असं मोघम विचारू नका, लोक 'नाही' म्हणतात. 'रोज कुठली गोळी घेता' असं विचारा, आणि 'रक्त पातळ व्हायची गोळी आहे का' हे वेगळं विचारा. बीपीची सांगतात, ही विसरतात. 'थेरपिस्ट' या शब्दाला माझा विरोध आहे तो आहेच.

हिशेबनीस

'काय करायचं नाही' असं छापलेला कागद विकत घेणारा माणूस मला दाखवा, त्याचं राहणं-जेवण माझ्याकडून फुकट.

आडाळो

बुधवारी ठेव नको गो, आमचो बाजार आसता. आणि पयल्या दुपारी माझ्या आवशीक बोलव, ती खुर्चयेर बसान तेल कसा जिरवचा ता सांगतली. तिका मानधन दी, लुगडा नको. माझी फी हप्त्यान चलात काय?