वांशिक समतेसाठी अनुदान द्यायचे, पण ते कोणत्या शब्दांत मांडायचे?

जर्सीकर (प्रश्न)

नमस्कार. न्यू जर्सीतील एका लहान कौटुंबिक फाउंडेशनसाठी मी अनुदानांची माहितीपत्रके आणि घोषणा लिहिते. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय व्यक्तीची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर, 2020 मध्ये, आमच्या संस्थेने वांशिक समता हे आपले उद्दिष्ट असल्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या वंशाधारित प्रवेशपद्धतीविरुद्ध निकाल दिल्यापासून मात्र विश्वस्त धास्तावले असून, ‘वांशिक’ हा शब्द गाळून केवळ ‘सर्वांना संधी’ असे लिहावे, असा त्यांचा आग्रह आहे. काम तेच राहणार असेल, तर या बदलाला हरकत घ्यावी का?

कायदेपंडित

हार्वर्डचा निकाल प्रवेशाविषयी आहे. विश्वस्तांनी अभ्यासावा तो फिअरलेस फंडचा खटला. अटलांटातील या फंडाने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उद्योगांसाठी 20,000 डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा ठेवली होती. स्पर्धेच्या नियमांतून करार निर्माण होतो आणि करारातील वंशभेदाला 1866 च्या नागरी हक्क कायद्याने मनाई आहे, असे प्रथमदर्शनी मानून अकराव्या सर्किटच्या (आग्नेयेकडील काही राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने जून 2024 मध्ये ती थांबवली. पुढे तडजोड होऊन स्पर्धा बंदच झाली. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांच्या रक्षणासाठी केलेला कायदा असा वापरला जावा, हे विपरीतच. तो निकाल न्यू जर्सीवर बंधनकारक नाही, आणि आक्षेप होता तो पात्रतेच्या अटीवर. कोणत्या अन्यायाचे परिणाम दूर करण्यासाठी आपण पैसा देतो हे सांगणे वेगळे आणि अर्जदाराच्या वंशाची अट घालणे वेगळे. नियमांचा मसुदा वकिलांना जरूर दाखवा.

जुनी_दप्तरे

शब्द बदलूनही काम तेच राहते, हे मला मान्य नाही. सिअर्स या किरकोळ विक्रीच्या कंपनीचे ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सहकार्याने दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधण्याचा उपक्रम सुरू केला आणि 1932 पर्यंत 15 राज्यांत सुमारे 5,000 शाळा उभ्या राहिल्या. त्या आजही ‘रोझेनवाल्ड शाळा’ म्हणूनच ओळखल्या जातात. वास्तविक एकूण सुमारे 2 कोटी 84 लाख डॉलर खर्चापैकी रोझेनवाल्ड यांच्याकडून आले सुमारे 43 लाख, तर कृष्णवर्णीय समाजाने स्वतः उभे केले 47 लाख. बाकीचा बहुतेक पैसा सरकारी करांतून आला. म्हणजे जे लोक कर भरूनही शाळेपासून वंचित होते, त्यांनी त्याच शाळेसाठी पुन्हा वर्गणी काढली. रोझेनवाल्ड यांचे औदार्य खरेच होते. परंतु केवळ ‘एका उद्योगपतीने संधी दिली’ असे लिहिले की ही दुहेरी वसुली वाचकाला दिसतच नाही, आणि जी दिसत नाही ती दूर करण्यासाठी पुढचे विश्वस्त पैसा मंजूर करीत नाहीत. म्हणून घोषणेत कारण लिहावे, आणि त्या वस्तीने आधी स्वतः काय उभे केले आहे तेही लिहावे.

हिशेबनीस

वरील दोन्ही मते पटली, तरी विश्वस्तांच्या बैठकीत शब्दांइतकीच चर्चा अर्जाच्या नमुन्यावरही व्हावी. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागितले की वस्तीतील लहान संस्था दारातच अडते, मग माहितीपत्रकात काहीही छापा. अब्जाधीश दानशूर मॅकेंझी स्कॉट यांनी 2020 मध्ये मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाला दिलेले 4 कोटी डॉलर विनाअट होते. खर्च कशावर करायचा, ते विद्यापीठाने ठरवले. एवढी रक्कम तुमच्याकडे नसेल, पण लहान अनुदानांसाठी लेखापरीक्षणाची अट काढणे आणि अनुदान एका वर्षाऐवजी तीन वर्षांचे करणे विश्वस्तांना याच बैठकीत शक्य आहे, आणि त्यासाठी कोणत्याही अर्जदाराचा वंश विचारावा लागत नाही.