‘सामूहिक आत्महत्या’ की अपत्यहत्या?

शब्दवेडी: बापाने दोन मुलांना विष पाजलं, मग स्वतः घेतलं. मथळा काय, तर ‘कुटुंबाची सामूहिक आत्महत्या’. चार वर्षांचं पोर आत्महत्या कशी करेल? आईने किंवा बापाने स्वतःच्याच मुलाला मारणं, या इंग्रजीतल्या ‘फिलिसाइड’ला मराठीत काय म्हणावं? पितृहत्या?

बोरूबहाद्दर: छे, पितृहत्या म्हणजे पित्याची हत्या. ‘पुत्रहत्या’त मुली सुटतात, ‘बालहत्या’ परक्यानेही केलेली असू शकते. ‘अपत्यहत्या’ बरा, बापाने की आईने, ते वेगळं सांगावं. ‘अपत्यवध’ मात्र नकोच. वध कंसाचा, अफझलखानाचा. मारणाऱ्याची बाजू तो शब्द आधीच घेऊन बसतो.

वकीलबाई: आपल्या न्याय संहितेत याला वेगळं नाव नाही, हा सरळ खून, कलम १०३. ब्रिटनच्या १९३८च्या कायद्यातलं ‘इन्फन्टिसाइड’ फक्त आईपुरतं आहे, तेही मूल वर्षाच्या आतलं असेल तर. म्हणून ‘शिशुहत्या’ इथे बसत नाही.

मनोमनी: अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेझनिक यांनी १९६९ साली हेतूंवरून पाच प्रकार पाडले: मुलाच्या ‘भल्यासाठी’, तीव्र मनोविकारात, नकोसं मूल म्हणून, मारहाणीत जीव जाणं आणि जोडीदारावर सूड. पहिल्याला त्यांनी ‘अल्ट्रुइस्टिक’ म्हटलं. एका भाषांतरात त्याचं ‘परोपकारी हत्या’ वाचलं, अंगावर काटा आला. ‘हिताच्या भ्रमातून’ म्हणा.

शब्दवेडी: आणि ‘रिस्क फॅक्टर’? कारणे?

मनोमनी: कारणे नव्हेत, ‘जोखीम घटक’. घटस्फोट हे कारण म्हटलं की नकळत दोष सोडून गेलेल्या बायकोवर जातो. नवरा-बायको वेगळे होण्याच्या आसपासचा काळ, आधीची मारहाण, पाळत, पैशांवर आणि येण्याजाण्यावर ताबा, मुलांच्या ताब्याचा वाद, नैराश्य, आत्महत्येची भाषा हे एकत्र दिसलं तर धोका वाढतो. एकेकटं असलं तर बहुतेक बाप असं काही करत नाहीत, हेही त्याच दमात सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात २०१४ साली रोझी बॅटी यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला बापाने क्रिकेटच्या सरावाच्या मैदानावर मारलं. त्याच्याविरुद्ध हिंसाचाराच्या तक्रारी आधीपासून होत्या. तरी अशा बातम्यांत ‘अचानक’ हा शब्द येतोच.

बोरूबहाद्दर: ‘रागाच्या भरात’ही तसाच. विष आधी विकत आणलेलं असतं, भर कसला?

वकीलबाई: घराघरांत ऐकू येणारं वाक्य: “पोरांना घेऊन जीव देईन, मग बस बोंबलत.” सासरचे म्हणतात, त्याची बोलायची पद्धतच तशी. माझ्या लेखी ही धमकी. तक्रार लिहिताना ‘पती मानसिक त्रास देतो’ असं गुळमुळीत लिहू नका. वाक्य जसंच्या तसं, अवतरणात, तारीख घालून लिहा. पोलिसांचा ११२ आहे, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.